‘असेल’, ‘असेलच’ आणि ‘असूच शकत नाही’: इंग्रजीत अंदाज सांगायचा कसा

माझी संध्याकाळी ७ ची स्पोकन इंग्लिशची बॅच असते, नागपूरला छत्रपती चौकाजवळ घरीच घेते. जुलैतली गोष्ट, बाहेर पाऊस बदाबदा पडून राहिला होता, ७:२० झाले तरी सुभाष नगरवरून येणारा एक पोट्टा आला नव्हता. मी विचारलं, काऊन नाही आला तो? मग सगळे सुरू झाले. एक म्हणाली, पावसात अडकला असेल. दुसरा म्हणे, मेट्रोत असेल, येईलच. तिसरी म्हणाली, झोपूनच राहिला असेल, काल नाईट शिफ्ट होती त्याची. आणि एकजण ठामपणे, नाही मॅडम, तो विसरूच शकत नाही, दुपारीच माझ्याशी बोलला.

मी म्हटलं, आता हेच इंग्रजीत सांगा. आणि तीन वाक्यं ‘मे बी’ नं सुरू झाली. मे बी ही इज स्टक, मे बी ही इज इन मेट्रो, मे बी ही स्लीप. शेवटच्याला तर काही सुचलंच नाही, तो नुसतं ‘ही नॉट फरगेट’ म्हणून बसला. मराठीत चौघांचा अंदाज चार वेगवेगळ्या वजनाचा होता, इंग्रजीत गेल्यावर सगळा एकाच मापाचा झाला, आणि मला खरंच वाईट वाटतं याचं, कारण ही पोरं मराठीत इतकं बारीक बोलतात! ते बारीकपण इंग्रजीतही पूर्णपणे सांगता येतं, फक्त कुठला शब्द कशासाठी ते माहीत पाहिजे.

तर पहिली गोष्ट, तोंड उघडायच्या आधी स्वतःचंच मराठी वाक्य नीट ऐका आणि त्यात ‘च’ आहे का ते बघा. ‘तो घरी असेल’ म्हटलं तर असेलही, नसेलही. इथे इंग्रजीत मे, माइट किंवा कुड: ‘ही मे बी ॲट होम’, ‘ही माइट बी ॲट होम’, ‘ही कुड बी ॲट होम’. तिन्ही चालतात, माइट थोडा हलका वाटतो आणि बोलण्यात जास्त ऐकू येतो, मे जरा लिहिण्यातला. यात फार डोकं लावू नका.

पण ‘तो घरीच असेल, गाडी खाली उभी आहे ना’ असं म्हटलं की तुमच्या हातात पुरावा आहे, तुम्ही बघून ठरवलंय. इथे मस्ट: ‘ही मस्ट बी ॲट होम, हिज बाईक इज डाउनस्टेअर्स’. आणि ‘तो घरी असूच शकत नाही, कुलूप आहे’ म्हटलं तर कान्ट: ‘ही कान्ट बी ॲट होम, द डोअर इज लॉक्ड’. म्हणजे साधा ‘असेल’ आला की माइट, जोर देणारा ‘च’ आला की मस्ट, आणि नकारातला ‘च’ आला की कान्ट. दरवेळी शंभर टक्के जुळेलच असं नाही, ‘च’ चा अर्थ कधीकधी ‘फक्त’ असाही होतो, पण दहातली आठ वाक्यं तरी यानं सुटतात असा माझा अनुभव आहे. ‘असावा’ माइट आणि मस्टच्या मधला. दिवा दिसतोय, घरी असावा, अशावेळी मी ‘ही इज प्रॉबब्ली ॲट होम’ सांगते.

इथे दोन चुका सारख्या होतात. एक म्हणजे ‘असेल’ ऐकलं की विल लावायचा. ‘ही विल बी इन ऑफिस’ म्हटलं तर समोरच्याला ती खात्री वाटते, तो तुमच्या भरवशावर ऑफिसात जाऊन उभा राहील. विल अगदीच चूक आहे असं नाही, दारावरची बेल वाजली आणि आपण आतूनच म्हणतो ना, दूधवाला असेल, तिथे इंग्रज माणूसही ‘दॅटल बी द मिल्कमन’ म्हणतो, कारण रोज त्या वेळेला तोच येतो. पण खात्री नसेल तर माइट वापरा.

दुसरी चूक ‘शकतो’ ची. आज पाऊस येऊ शकतो, याचं सरळ ‘इट कॅन रेन टुडे’ होतं, आणि ते बरोबर नाही. एका ठरावीक दिवसाच्या शक्यतेला कॅन लागत नाही, ‘इट माइट रेन टुडे’ किंवा ‘इट कुड रेन’ म्हणायचं. कॅन कधी? जे नेहमीच अधूनमधून घडतं त्याला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दरवर्षी नाही तरी पुष्कळदा जातो, तर ‘नागपूर कॅन गेट व्हेरी हॉट इन मे’ हे पक्कं बरोबर वाक्य आहे. पण उद्याबद्दल बोलत असाल तर ‘टुमॉरो कुड बी व्हेरी हॉट, पाणी भरून ठेवा कूलरमध्ये’.

अंदाजाचा प्रश्न विचारताना मे नको. तो घरी असेल का, याला ‘मे ही बी ॲट होम’ म्हणू नका, ‘कुड ही बी ॲट होम?’ म्हणा, नाहीतर सरळ ‘डू यू थिंक ही इज ॲट होम?’ विचारा. आणि लिहिताना, वाक्याच्या सुरुवातीचा ‘कदाचित’ वाला मेबी एक अखंड शब्द असतो, ‘ही मे बी’ मधला मे बी दोन शब्द. मेसेजमध्ये हे सगळे मिसळतात.

आता दुसरी गोष्ट, वेळ कुठली? यात नागपूरच्या माणसाला मोठा फायदा आहे. आपण ‘झोपून राहिला’, ‘येऊन राहिला’, ‘जेवून राहिला’ म्हणतो ना, पुण्यामुंबईचे लोक त्यावर आपल्याला टोकतात, पण इंग्रजीतला आयएनजी वाला काळ म्हणजे तोच आहे, जसाच्या तसा. झोपून राहिला असेल = ‘ही माइट बी स्लीपिंग’. झोपूनच राहिला असेल = ‘ही मस्ट बी स्लीपिंग’. येऊन राहिला असेल = ‘ही माइट बी कमिंग’, किंवा जास्त छान, ‘ही माइट बी ऑन हिज वे’. तुमच्या वाक्यात ‘राहिला’ आला की बी आणि आयएनजी, विचारच करायचा नाही.

आणि जे होऊन गेलंय त्याला हॅव. झोपला असेल, गेला असेल, विसरला असेल, पोचला असेल. आधी मोडल, म्हणजे मे, माइट, कुड, मस्ट, कान्ट यांपैकी एक, मग हॅव, मग क्रियापदाचं तिसरं रूप: ‘ही माइट हॅव गॉन’, ‘ही माइट हॅव फरगॉटन’, ‘शी मस्ट हॅव अराइव्ड’. इथे तीन गोष्टी घट्ट धरा. हॅव कधीच हॅज किंवा हॅड होत नाही, कर्ता ही असो की शी असो, कारण मोडलनंतर क्रियापद नेहमी मूळ रूपातच येतं. दुसरं, वेंट नाही गॉन, केम नाही कम, सॉ नाही सीन, एट नाही ईटन, टुक नाही टेकन, फरगॉट नाही फरगॉटन. पाठ करायचीच असतील तर पाचशे क्रियापदांची यादी घेऊन बसू नका, ही सहा आणि रोजची दहाबारा पुरे. तिसरं, बोलताना हॅव पूर्ण ऐकू येत नाही, ‘माइटव्ह’, ‘कुडव्ह’, ‘मस्टव्ह’ असं पटकन म्हणतात, म्हणून आपल्याला वाटतं तिथे काहीतरी ‘ऑफ’ आहे. ऐकायला ऑफ वाटलं तरी लिहायचं हॅवच.

नकाराला मी वेगळा एक दिवस देते, कारण तिथे अर्थ उलटापालटा होतो. ‘तिनं मेसेज पाहिला नसेल’ म्हणजे कदाचित नाही पाहिला: ‘शी माइट नॉट हॅव सीन द मेसेज’. ‘तिनं पाहिलाच नसणार, फोन तर इथे चार्जिंगला आहे’ म्हणजे शक्यच नाही: ‘शी कान्ट हॅव सीन इट’, किंवा ‘शी कुडन्ट हॅव सीन इट’. बघा, साधा कुड आणि माइट जवळजवळ सारखे होते, पण नॉट लागला की दोघं दोन टोकांना जातात, माइट नॉट म्हणजे कदाचित नाही आणि कुडन्ट म्हणजे शक्यच नाही. यावर एखाद्या कलीगची नाहक बदनामी होऊ शकते हो. आणि मस्ट नॉट हा आपल्याकडे शाळेत मनाईसाठी शिकवतात, ‘यू मस्ट नॉट टच’, अमेरिकेत अंदाजासाठीही ‘ही मस्ट नॉट हॅव हर्ड अस’ म्हणतात, तेव्हा ऐकलं तर गोंधळू नका, स्वतः मात्र कान्ट हॅव वापरा, ते सगळीकडे समजतं.

आता कुड हॅव. हे मी शिकवण्याआधी नोकरी करत होते तेव्हा अंगावर आलेलं आहे. एका क्लायंटच्या मॅनेजरला मला लिहायचं होतं की तुम्ही फाईल पाठवली असेल, पण मला मिळाली नाही. मी लिहिलं, ‘यू कुड हॅव सेंट द फाईल’. त्यांना ते लागलं, कारण त्याचा वाचून होणारा अर्थ असा की पाठवता आली असती की हो तुम्हाला, पाठवली का नाही! सरळ टोमणा. दोन दिवस नीट उत्तर नाही, मग आमच्या साहेबांनी बसवून समजावलं. तेव्हापासून मेलमध्ये मी फक्त मे हॅव लिहिते: ‘यू मे हॅव सेंट द फाईल, बट आय हॅव नॉट रिसीव्ह्ड इट’. असं लिहिलं की कुणाला लागत नाही. माइट हॅवचाही टोमणा होतो, ‘यू माइट हॅव टोल्ड मी’ म्हणजे सांगायचं तरी होतंस, म्हणून ऑफिसात मे हॅवच सेफ.

हा फरक मराठीत आपण एका शब्दानं करतो, असेल आणि असती. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, ते आठवा. माझ्या ओळखीतले एक काका गाडी नेहमी रस्त्यावर लावायचे, त्या रात्री नेमकी उंचावर दुसरीकडे लावली होती. ते आजही म्हणतात, गाडी वाहून गेली असती. ‘द कार कुड हॅव बीन वॉश्ड अवे’, म्हणजे गेली नाही, वाचली. पण त्यांचा मुलगा त्या दिवशी बाहेरगावी होता, फोन लागत नव्हता, तो तिकडून काय म्हणत असेल? गाडी वाहून गेली असेल. ‘द कार मे हॅव बीन वॉश्ड अवे’, म्हणजे अजून माहीतच नाही. माइट हॅव दोन्हीकडे चालतो, पण मे हॅव ‘असती’ साठी नको, आणि ज्याचा शेवट माहीत नाही तिथे मे हॅव एकदम स्पष्ट.

मस्टबद्दल एकच राहिलं. काल मला जावंच लागलं, हा अंदाज नाही, ती सक्ती आहे, तिथे ‘आय मस्ट हॅव गॉन’ नाही, ‘आय हॅड टू गो’. आणि ‘आतापर्यंत पोचायला हवी होती ती’ याला शुड, ‘शी शुड हॅव अराइव्ड बाय नाऊ’.

सरावासाठी वही नको. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर उभे राहा, तिथे ऑरेंज आणि ॲक्वा दोन्ही लाइनची गर्दी बदलते, आणि माणसं बघून मनातल्या मनात अंदाज करा. ती बाई पळून राहिली: ‘शी मस्ट बी लेट’. त्या काकांच्या हातात संत्र्यांची जाळी: ‘ही मस्ट हॅव बीन टू द मार्केट’. तो पोट्टा फोनकडे बघून हसून राहिला: ‘समवन माइट हॅव सेंट हिम अ जोक’. दहा मिनिटं रोज, आधी मराठीत म्हणायचं, ‘च’ आहे का बघायचं, मग इंग्रजी.

त्या दिवशी तो सुभाष नगरवाला ७:४० ला आला, ओलाचिंब. मी विचारलं, छत्री कुठंय? थोडा थांबला आणि म्हणाला, ‘आय मस्ट हॅव लेफ्ट इट ऑन द ट्रेन.’ मागून कुणीतरी म्हणालं, ‘यू माइट हॅव लेफ्ट इट ॲट सीताबर्डी.’ त्यानं मान हलवली. ‘नो, आय कान्ट हॅव लेफ्ट इट देअर. आय हॅड इट इन माय हँड व्हेन आय गॉट ऑन द सेकंड ट्रेन.’