अमिगा, एसटी, मॅक: विंडोचा वेग मोजायचा कसा

विंडो ओढून वेग ठरवू नका. १९८०च्या दशकातले हे तीन संगणक. अमिगाचं वर्कबेंच १.३ (त्याचा विंडोंचा डेस्कटॉप), अटारी एसटीचं जेम (त्याची विंडो-प्रणाली) आणि मॅकिंटॉश प्लस, तिन्हींवर ओढताना नुसती चौकट सरकते, आतलं चित्र जागचं हलत नाही. खरी कसोटी मजकूर वर सरकवण्यात आहे.

अमेरिकेतून आलेलं यंत्र इंदूरच्या २३० व्होल्टवर थेट लावू नका. जेलरोडवरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणा. मॉनिटरसह ३०० व्हीएचा घ्या. अमेरिकी अमिगाचा क्लॉक (प्रोसेसरचा वेग) ७.१६ मेगाहर्ट्झ, पाल या युरोपी टीव्ही पद्धतीच्या अमिगाचा ७.०९, कुठला आहे ते नोंदवा. एसटी ८ वर चालतो, मॅक प्लस ७.८३ वर.

आता रंग. वर्कबेंच ४ रंगांचं, म्हणजे २ बिटप्लेन (दर पिक्सेलमागे एकेक बिटचे थर). एसटीचा मोनो (काळा-पांढरा) मोड आणि मॅक १ बिटचे. म्हणून एसटी दोनदा मोजा: ६४० × २०० च्या ४ रंगांत अमिगाशी, मोनोत मॅकशी. हे चुकलं तर अमिगा दुप्पट बाइट हलवूनही हळू ठरतो.

सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहा: ३२० × १६० पिक्सेलचा भाग ८ पिक्सेल वर, ५०० वेळा. दर वेळी प्रत्येक प्लेनमागे ६,०८० बाइट हलतात. सरकवण्याची तयार फंक्शन्स, अमिगाचं स्क्रोलरास्टर आणि मॅकचं स्क्रोलरेक्ट, खालची मोकळी झालेली पट्टी स्वतः पुसतात. जेमचं तसंच फंक्शन व्हीआरओ-सीपीवायएफएम पुसत नाही. ती पट्टी तुम्हीच भरा, नाहीतर एसटीचं काम आपोआप कमी होतं.

वेळ मॅकवर टिककाउंट या फंक्शनने घ्या (सेकंदाला सुमारे ६० टिक, म्हणजे घड्याळाचे ठोके), अमिगावर डेटस्टॅम्पने (५०). एसटीचा २०० हर्ट्झचा काउंटर हेक्स ४बीए पत्त्यावर आहे. सुपरव्हायझर मोडमध्ये (प्रोसेसरच्या विशेषाधिकाराच्या स्थितीत) न जाता तो वाचलात तर पडद्यावर चुकीची खूण म्हणून दोन बॉम्बची चित्रं उमटतात. अमिगाचा ब्लिटर (चित्राचे तुकडे हलवणारी चिप) स्वतंत्रपणे चालतो, त्यामुळे घड्याळ थांबवण्याआधी त्याचं काम संपेपर्यंत थांबणारं वेटब्लिट हवंच. मेगा एसटी या एसटीच्या मोठ्या मॉडेलमध्येही ब्लिटर आहे. ऑप्शन्स मेनूतून तो बंद करून आणि चालू ठेवून असे दोन आकडे घ्या. एनव्हीडीआय किंवा वार्प ९ (जेमचं चित्रकाम वेगवान करणारी सॉफ्टवेअर) चढवलेलं असेल तर काढा.

अक्षरं छापण्याची चाचणी वेगळी घ्या. आधी डावी कड ८ ने भाग जाईल अशा पिक्सेलवर ठेवा, मग एक पिक्सेल सरकवा. जेममध्ये फरक लगेच दिसतो, कारण प्रत्येक अक्षराचे बिट ६८००० या प्रोसेसरला सरकवावे लागतात. अमिगात ते ब्लिटर करतो.

झाकलेली विंडो उघडण्याचा वेग मात्र या आकड्यांत घालू नका. अमिगाची स्मार्ट रिफ्रेश प्रकारची विंडो झाकलेला भाग मेमरीत जपते. जेम आणि मॅक प्रोग्रॅमला पुन्हा चित्र काढायला सांगतात. तिथे मोजला जातो तो प्रोग्रॅम.