खिळे-फेविकॉल न वापरता खोलता येणारं बुकशेल्फ कसं बनवायचं

भाड्याने राहणाऱ्यांनी हे करून बघाच. नाशिकमध्ये इंदिरानगरहून गंगापूर रोडला शिफ्ट होताना माझं जुनं कपाट जिन्यातच अडकलं, तेव्हा डोक्यात आलं की एकात एक अडकणारे पार्ट सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर, कापून घ्यायचे, मग हवं तेव्हा खोला, हवे तेवढे कप्पे वाढवा.

आधी प्लाय आणा, ड्रॉइंग नंतर. कारण १८ एमएम म्हणून विकलेला प्लाय बऱ्याचदा थोडा कमीच भरतो, व्हर्नियरने चार-पाच ठिकाणी मोजा आणि तोच आकडा फ्रीकॅडमध्ये (ड्रॉइंगचं फुकट सॉफ्टवेअर) व्हेरिएबल म्हणून टाका, म्हणजे शीट बदलली तरी सगळ्या खाचा आपोआप बदलतात. खाच त्या जाडीपेक्षा साधारण ०.२ एमएम मोठी ठेवा.

आता कोपरे. सीएनसीच्या राउटरचा बिट, म्हणजे फिरत कापणारं टोक, गोल असतो, ६ एमएमच्या बिटने आतला कोपरा ३ एमएम त्रिज्येचा गोल राहणार, चौकोनी पार्ट बसणारच नाही, म्हणून तिथे डॉगबोन द्या, म्हणजे कोपऱ्यात छोटा गोल जास्तीचा कट. मी पहिल्यांदा विसरलो, मग काय, कानस घेऊन बसलो दोन रविवार!

सगळे पार्ट ८ बाय ४ फुटांच्या शीटमध्ये दाटीवाटीने बसवा, मधे बिटपेक्षा थोडी जास्त जागा सोडा, ड्रॉइंगची डीएक्सएफ (मशीनवाल्याला चालणारी फाइल) करून अंबड-सातपूरकडच्या सीएनसीवाल्याला द्या. पण आधी एकच जोड तुकड्यावर कापून बघा, हाताने दाबून बसला पाहिजे, हातोडी लागली तर टाइट आहे. कडांना पॉलिश पावसाळ्याआधी मारा, नाहीतर प्लाय फुगतो आणि खोलताना बोंब. उरलेल्या जागेत मोबाइल स्टँड निघतात, तेही त्याच फाइलमध्ये टाकून द्या.