बेळगावात बसून नासकारची प्लेऑफ रेस कशी बघायची

आधी टायमाचं सांगतो कारण निम्मी लोकं इथंच चुकतात. नासकार म्हणजे अमेरिकेतली मोटारींची शर्यत, आणि कप सिरीज ही त्यातली सगळ्यात वरची. तिची रेस जास्त करून रविवारी दुपारी असते, म्हणजे तिकडची दुपार. तिथं ईस्टर्न टायमानं तीन वाजले की आपल्याकडं रविवारची रात्र संपून साडेबारा झालेले असतात, आणि रेस साडेतीन तास पण चालते, म्हणजे झोपायला चार. ब्रिस्टलची रात्रीची रेस शनिवारी साडेसातला असली तर आपल्याकडं रविवारी पहाटे पाच, ती सगळ्यात सोयीची, चहा घेऊन आरामात बसायचं. खरं नोव्हेंबरचा पहिला रविवार लक्षात ठेवा, त्या दिवशी अमेरिकेत घड्याळ एक तास मागं घेतात आणि आपल्याला सगळं तासभर उशिरा येतंय. २ नोव्हेंबर २०२५ ला फिनिक्सची फायनल होती, मी बाराला अलार्म लावून उठलो आणि दीड वाजेपर्यंत रिकामाच बसलो, सकाळी फर्स्ट शिफ्ट होती. लाईव्ह कुठं दिसतंय ते सीझन सुरू व्हायच्या आधीच शोधून ठेवा, आयत्या वेळी रात्री धावपळ करू नका.

आता बघायचं काय. आमचे काका बैलगाडी शर्यतीतले मुरलेले माणूस, पहिल्यांदा माझ्या शेजारी बसले तेव्हा पाच मिनिटांत म्हणाले, "अरे हे नुसतं गोल गोल फिरायलेत की गा, ह्यात बघायचं काय?" मी म्हटलं काका, पुढची गाडी सोडा, ती बारा नंबरची तेवढी धरा आणि तिच्याकडंच बघा. हाच माझा पहिला सल्ला. मैदानात ३६ किंवा त्याहून जास्त गाड्या असतात, सगळ्या एकदम बघायला गेलात तर काहीच दिसत नाही. एक ड्रायव्हर निवडायचा, त्याचा नंबर आणि गाडीचा रंग पाठ करायचा (रंग स्पॉन्सरप्रमाणं बदलतो, नंबर बदलत नाही), आणि तीन तास त्याच्याबरोबर राहायचं.

प्लेऑफचा हिशोब आपल्या लोकांना समजायला सोपा आहे. २०१४ पासून २०२५ पर्यंत असं होतं की १६ ड्रायव्हर, शेवटच्या १० रेस, दर तीन रेसला चार जण बाहेर, आणि शेवटच्या एका रेसमध्ये चौघं उरायचे, त्या चौघांत जो पुढं येईल तो चॅम्पियन. आपल्याकडं शर्यतीत गट, सेमी, फायनल असतंय तसंच. फक्त एक फरक, बाहेर पडलेले ड्रायव्हर पण रेसमध्ये पळतच असतात, ते घरी जात नाहीत, त्यामुळं चॅम्पियन होणारा माणूस रेस जिंकेलच असं नाही. २०२६ पासून हे बदललंय. आता परत जुनी चेस पद्धत, २६ रेसनंतर पॉइंटवर १६ जण निवडायचे आणि १० रेसचे पॉइंट मिळून निकाल, मध्ये कुणाला बाहेर काढायचं नाही. जिंकणाऱ्याला ५५ पॉइंट, दुसऱ्याला ३५. यूट्यूबवर जुने व्हिडिओ बघताना हा फरक डोक्यात असू दे, नाहीतर गोंधळ होतोय.

पॉइंट फक्त शेवटी मिळत नाहीत. रेसचे साधारण तीन भाग असतात, त्यांना स्टेज म्हणतात, पहिल्या दोन स्टेजच्या शेवटी पहिल्या दहा जणांना १० पासून १ पर्यंत पॉइंट. म्हणून मध्येच एखादा जीव तोडून पळायला लागला तर समजायचं, स्टेज संपायला आलीय.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, पिट स्टॉप, म्हणजे रेसमध्येच बाजूला थांबून टायर बदलायचे आणि पेट्रोल भरायचं. मी उद्यमबागमध्ये मशीनवर काम करतो, नट-बोल्ट हे रोजचं, त्यामुळं हे बघताना माझा जीव तिथंच अडकतो. आधी चाकाला पाच नट असायचे, २०२२ ला नवीन गाडी आली तेव्हापासून मधोमध एकच मोठा नट आणि १८ इंची चाक. भिंतीवरून पाच माणसं उडी मारतात, दोघं चाक काढणारे, एक टायर आणणारा, एक जॅकवाला आणि एक पेट्रोलवाला. जॅकवाल्याकडं बघा. उजवी बाजू उचलतो, चाकं बदलली की गाडी खाली सोडतो आणि जॅक घेऊन पुढनं वळसा घालून डावीकडं पळतो, आणि डावी बाजू खाली पडली की ड्रायव्हर निघाला, तीच त्याची खूण. चारी चाकं आणि पेट्रोल धरून दहा सेकंदांच्या आसपास! आपल्याकडं स्टेपनी बदलताना पाना सापडेपर्यंत एवढा वेळ जातोय. नट नीट बसला नाही आणि चाक पुढं सुटलं तर पेनल्टी जबर, म्हणून नट फिरवायची गन लावणाऱ्याच्या हाताकडं बघायला शिका, तो एक ठोका जास्त थांबला की काहीतरी बिनसलंय.

टायर बदलतात कशाला, तर झिजला की पकड जाते आणि वेळ वाढतो. रेडिओवर दोन शब्द सारखे ऐकू येतील, टाइट आणि लूज. टाइट म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तरी गाडीचं नाक भिंतीकडंच जातंय, लूज म्हणजे मागची बाजू घसरून पुढं यायला बघते. एवढं समजलं की निम्मी रेस समजली. नासकारच्या ॲपमध्ये ड्रायव्हरचा रेडिओ ऐकायची सोय असते, तिथं त्याचा स्पॉटर पण ऐका, तो स्टँडच्या वर उभा राहून सांगत असतो की बाजूला गाडी आहे, मोकळं झालं, कारण आतनं ड्रायव्हरला बाजूचं धड दिसत नाही.

टॅलाडेगाची रेस असली तर वेगळ्या नजरेनं बघा. २.६६ मैलाचा ट्रॅक, वळणाला ३३ अंशाचा उतार, आणि गाड्या एकमेकांना चिकटून पळतात. हत्तरगी टोल सोडून संकेश्वरकडं जाताना मोठ्या बसच्या मागं कार गेली की हवा कापली जाऊन गाडी हलकी वाटते ना, तेच तिथं ३० गाड्या करतेत (बाईकवरनं हे करून बघू नका, खरंच सांगतो). म्हणून तिथं एकट्यानं पुढं जाता येत नाही, मागनं कुणीतरी ढकलायला लागतंय, आणि एक चुकला की वीस गाड्या गोळा. याच्या उलट मार्टिन्सव्हिल, जेमतेम अर्ध्या मैलाचा, तिथं सगळं ब्रेकवर. २०२२ ला तिथंच शेवटच्या लॅपला (लॅप म्हणजे ट्रॅकची एक फेरी) रॉस चॅस्टेन ह्या ड्रायव्हरनं गाडी भिंतीला घासत पाचव्या गिअरमध्ये तशीच दाबून पाच गाड्या मागं टाकल्या आणि फायनलमध्ये गेला. पुढच्या वर्षी नासकारनं ते बंद केलं. हा व्हिडिओ काकांना दाखवलाय, त्यांनी चार वेळा मागं घेऊन बघितला.

पिवळा झेंडा म्हणजे कॉशन. सगळे हळू, कुणी पुढं जायचं नाही, आणि बहुतेक सगळे पिटमध्ये. नवीन माणूस इथं चहा करायला उठतो. उठू नका, रेस इथंच फिरते. फिनिक्सच्या त्या फायनलचंच बघा, चॅम्पियन व्हायला चौघं उरले होते, हॅमलिन, लार्सन, बायरन, ब्रिस्को. डेनी हॅमलिननं २०८ लॅप पुढं राहून काढल्या, वीस वर्षं कप सिरीज पळून एकदाही चॅम्पियन झाला नव्हता, आणि तीन लॅप राहिल्या असताना बायरनचा टायर गेला आणि पिवळा झेंडा. आता ठरवायचं, चार टायर की दोन? हॅमलिननं चार घेतले, काइल लार्सननं दोनच घेतले म्हणून तो लवकर सुटला आणि हॅमलिनच्या पुढं उभा राहिला. दोन लॅपचा ओव्हरटाइम, म्हणजे जादा वेळ, तेवढ्यात नवीन चार टायरची पकड वापरायला जागाच मिळाली नाही. रेस ब्लेनी जिंकला (काकांचा तोच बारा नंबर), लार्सन तिसरा येऊन चॅम्पियन, हॅमलिन सहावा. लार्सन त्या दिवशी एक लॅप पण पुढं नव्हता. पहाटे काका आणि मी दोघं गप्प बसलो होतो, मग ते म्हणाले, "पोराचं वाईट झालं बघ."

म्हणून कॉशन आला की कोण किती टायर घेतोय आणि कितव्या नंबरला बाहेर पडतोय हे कागदावर लिहा, मी वहीच ठेवलीय. किती लॅप उरल्यात ते पण शेजारी लिहायचं, दहाच्या आत असतील तर दोन टायर का चार, हे आधी स्वतः ठरवून बघा आणि मग टीमनं काय केलं ते बघा. आणि रात्री लाईट जाते म्हणून फोन संध्याकाळीच फुल चार्ज करून ठेवा, वायफाय गेलं तर नेटपॅक असू दे, शेवटच्या दहा लॅपला बंद पडलं तर लई वाईट वाटतंय.