लिहिणारे साठ, वाचणारे सहा: वाचक-लेखकांच्या ऑनलाइन गटात या चुका टाळा

वाचक आणि नवोदित लेखकांचे ऑनलाइन गट भांडणाने क्वचितच मोडतात. ते हळूहळू गप्प होतात. सुरुवातीला कवितांचा भडिमार, मग नुसते अंगठे आणि फुलं, शेवटी 'सुप्रभात'. अशा गटात बहुधा लिहिणाऱ्यांची सोय पाहिलेली असते, पण ते वाचणार कोण आणि केव्हा, याचा विचार कुणी केलेला नसतो.

हिशेब करून बघा. गटातल्या ६० जणांनी आठवड्याला १,५०० शब्दांची एकेक कथा टाकली, तर ९०,००० शब्द झाले. मिनिटाला २०० शब्दांच्या वेगाने ते वाचायला साडेसात तास लागतात. नोकरी-घर सांभाळून एवढं कुणी वाचत नाही. मग न वाचताच 'अप्रतिम' लिहिलं जातं, लेखकालाही ते कळतं आणि पुढच्या वेळी तोही दुसऱ्याचं वाचत नाही.

कुणीही, कधीही, काहीही टाका

यावर 'आठवड्याला तीनच लेखनं' असा नियम करतात. पण ६० जणांच्या गटात मग एकेकाची पाळी २० आठवड्यांनी येते, आणि तोवर तो निघून गेलेला असतो. खरा उपाय म्हणजे मोठ्या गटात स्वतःचं लेखन टाकणंच बंद करणं. तिथे पुस्तकांवर बोला. लेखनासाठी सहा-सहा जणांच्या तुकड्या पाडा. प्रत्येक तुकडीत आठवड्याला दोनच लेखनं, प्रत्येकी कमाल १,२०० शब्द. म्हणजे वाचायला साधारण बारा मिनिटं, आणि पाळी तीन आठवड्यांनी. ज्याने आधीच्या दोन लेखनांवर सविस्तर प्रतिक्रिया दिली, त्यालाच पुढची पाळी. यात सवलत नको, गट चालवणाऱ्यांनाही नको. नाव, लेखनप्रकार, शब्दसंख्या, तारीख एवढे रकाने असलेली एक गूगल शीट पुरते. तीन महिन्यांनी तुकड्या बदला, नाहीतर सगळे एकमेकांना सांभाळून घ्यायला लागतात.

कविता आणि कथा एकाच तुकडीत ठेवू नका. कविता पटकन लिहून होते, पटकन वाचून होते, आणि कथाकार बिचारा मागे पडतो.

'छान' आणि 'शुद्धलेखन बघा'

या दोन्ही प्रतिक्रियांचा लेखकाला सारखाच उपयोग, म्हणजे काहीच नाही. प्रतिक्रियेत तीन गोष्टी मागा: वाचताना कुठे अडखळलात, कुठलं वाक्य लक्षात राहिलं, आणि कुठला प्रश्न मनात उरला. लेखकानेही वर एक ओळ लिहावी: 'शेवट कळतो का?' किंवा 'सासूचं पात्र एकसुरी वाटतं का?' पहिले ४८ तास लेखकाने उत्तर देऊ नये. त्याने लगेच 'मला तिथे असं म्हणायचं होतं' असं समजावायला सुरुवात केली, की उरलेले लोक आपलं मत गिळतात.

शुद्धलेखनाचं काम एकाकडे द्या आणि ते गूगल डॉक्समध्ये सूचना म्हणून करू द्या. फाइल पाठवताना बाकीच्यांना फक्त शेरे लिहिण्याची परवानगी द्या, संपादनाची नको. खुली फाइल मिळाली की कुणीतरी उत्साहाने मालवणी आजीचे किंवा वऱ्हाडी शेतकऱ्याचे संवाद प्रमाण मराठीत 'सुधारून' ठेवतो. निवेदन तपासा, संवादातली बोली लेखकाला विचारल्याशिवाय हलवू नका.

सोयीचं म्हणून व्हॉट्सअॅप

व्हॉट्सअॅप गटात १,०२४ सदस्य मावतात, पण प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो. रात्री अकराला 'तुमची कविता आवडली, थोडं बोलायचं होतं' असे खासगी संदेश येऊ लागले की बायका कारण न सांगता गट सोडतात. अनोळखी लोकांना एकत्र आणायचं असेल तर टेलिग्राम बरं. तिथे गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये नंबर लपवता येतो, एकाच गटात विषयवार कप्पे करता येतात, जुनी चर्चा नव्या सदस्याला दाखवता येते, आणि दोन संदेशांमध्ये काही सेकंदांपासून एक तासापर्यंत सक्तीचं अंतर ठेवता येतं. वाद तापला की पंधरा मिनिटांचं अंतर लावा. ज्येष्ठ सदस्य टेलिग्रामवर यायला कुरकुरतात. त्यांच्यासाठी फक्त सूचनांपुरता व्हॉट्सअॅप गट ठेवा आणि त्यात संदेश टाकण्याचा अधिकार अॅडमिनलाच द्या.

फाइल उघडते, पण वाचता येत नाही

जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉण्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. त्यामुळे मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत मागा. वहीच्या पानाचे फोटो घेऊ नका: त्यातलं वाक्य उचलून त्यावर बोलता येत नाही, आणि पडदावाचक वापरणाऱ्या अंध सदस्यांना ते ऐकताही येत नाहीत. ज्यांना टंकलेखन जमत नाही त्यांनी जीबोर्ड या गूगलच्या कळफलकावर मराठीत बोलून मजकूर उतरवावा. विरामचिन्हं मात्र नंतर हाताने घालावी लागतात.

पीडीएफचा गोदाम

'कुणाकडे अमुक पुस्तकाची पीडीएफ आहे का?' या पहिल्याच प्रश्नाला अडवा. भारतात लेखकाच्या निधनाचं वर्ष संपल्यावर पुढची ६० वर्षं हक्क टिकतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं साहित्य २०११ पासून मुक्त आहे. कुसुमाग्रज गेले १९९९ मध्ये. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन म्हणून त्यांचा अख्खा संग्रह गटात टाकणं हे उल्लंघनच. चर्चेपुरत्या चार ओळी उद्धृत करणं वेगळं. कायदेशीर आणि फुकट हवं असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच पुस्तकं आहेत, मराठी विकिस्रोतावरही आहेत.

पुलं आणि वपुंच्या नावावर खपवलेल्या सुविचारांसाठी एकच नियम पुरतो: पुस्तकाचं नाव द्या, नाहीतर संदेश काढला जाईल.

दिवाळी अंकाची अट विसरणं

अनेक संपादक अप्रकाशित साहित्यच मागतात. खुल्या फेसबुक गटात टाकलेली कथा त्यांच्या लेखी पूर्वप्रसिद्ध ठरू शकते. म्हणून लेखनाच्या तुकड्या बंद ठेवा, चर्चा झाल्यावर दोन आठवड्यांत फाइल काढून टाका, आणि दुसऱ्याचं लेखन बाहेर पाठवणाऱ्याला एकदाही माफी देऊ नका.

मासिक भेट रेंगाळते

झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत तुटते. गूगल मीटवर तीन किंवा अधिक जणांना तासभर मिळतो. हजार शब्द मोठ्याने वाचायला सुमारे आठ मिनिटं लागतात, तेव्हा तासात दोनच लेखनं घ्या आणि मजकूर तीन दिवस आधी पाठवा. परदेशातले सदस्य असतील तर रविवारी भारतातली रात्री साडेआठची वेळ बरी: लंडनमध्ये दुपार असते आणि न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे अकरा, हिवाळ्यात दहा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. त्या मधल्या आठवड्यांत नेहमी कुणीतरी तासभर उशिरा येतं, म्हणून प्रत्येक शहराची वेळ स्वतंत्र लिहून पाठवा.

पुस्तक निवडताना दीड-दोनशे पानांचं घ्या आणि जाहीर करण्याआधी ते दुकानात मिळतंय का ते बघा. आवृत्ती संपलेली असेल तर उत्तम पुस्तकही कामाचं नाही. मतदान घ्यायचं तर तीन नावांतच.

एकच अॅडमिन

तो आजारी पडला किंवा कंटाळला की गट संपला. तिघं नेमा: एक पाळ्या बघेल, एक भेटी, एक तक्रारी, आणि तक्रारी बघणारी शक्यतो बाई असावी. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अॅडमिन केवळ अॅडमिन आहे म्हणून दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तरी आक्षेपार्ह मजकूर दिसला की पडद्याचं छायाचित्र घेऊन तो लगेच काढावा. नंतर तक्रार आली तर काय होतं आणि कधी काढलं हे दाखवता येतं.

गट आधीच गप्प झाला असेल तर

'सगळे कुठे गेलात?' असं विचारू नका. उत्तर येत नाही आणि शांतता आणखी जाणवते. मागच्या दोन महिन्यांचे संदेश चाळा आणि ज्यांनी दुसऱ्याच्या लेखनावर दोन ओळींपेक्षा जास्त लिहिलं, त्यांची नावं काढा. पाच-सहाच निघतील. त्यांना एकेकाला विचारून पहिली तुकडी करा आणि मोठा गट पंधरा दिवस फक्त अॅडमिनसाठी खुला ठेवा. तुकडीतलं एखादं सुधारलेलं लेखन, लेखकाच्या परवानगीने आणि पहिल्या खर्ड्यासकट, मोठ्या गटात दाखवा. अप्रकाशित राखायचं असेल तर एक परिच्छेदच दाखवा. दुसऱ्या तुकडीत कोण येणार, हे त्यानंतरच विचारा.