आगीचा आकडा आपणच भरतो

अग्निसुरक्षेच्या सिम्युलेशनकडे वळणाऱ्यांना मी एक गोष्ट सर्वांत आधी सांगतो, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती आणि तिच्यापायी माझे चार महिने वाया गेले. अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेने २००० साली मोफत खुले केलेले एफडीएस हे सॉफ्टवेअर धूर कुठे जाईल, तापमान किती वाढेल आणि जिन्यात किती अंतरावरचे दिसेल हे मोजते. पण आपल्या बहुतेक कामांत आग किती मोठी होणार हे ते सांगत नाही, तो आकडा आपणच भरायचा असतो.

तळघरात गोदाम असलेल्या एका व्यापारी इमारतीचे काम माझ्याकडे आले होते. पहिला बंब पोहोचेल तेव्हा जिना वापरण्याजोगा असेल का, एवढेच अग्निशमन दलाला हवे होते. मी तयार नमुन्यातली ‘मध्यम’ आग उचलली. ती साधारण एक मेगावॉटपर्यंत जायला ३०० सेकंद घेते, ‘जलद’ आग १५० सेकंदांत तिथे पोहोचते. वाढ वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात धरतात, म्हणून १५० व्या सेकंदाला माझी आग जलद आगीच्या जेमतेम पाव होती. पडद्यावर जिना स्वच्छ दिसला आणि मी निश्चिंत झालो. अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्यांनी अहवाल मिटून ठेवला आणि मला तळघरात नेले. फोमच्या गाद्या छतापर्यंत रचल्या होत्या. अशा मालाला जलद किंवा त्याहून वरचा, ७५ सेकंदांचा दर धरायला हवा होता. नकाशात बंद दाखवलेला अग्निरोधक दरवाजा विटेचा टेकू लावून उघडा ठेवला होता.

जागा पाहिल्याशिवाय आकडा भरू नका. तयार नमुन्यावर उभा केलेला अहवाल माणसांच्या जिवावर बेतू शकतो. मार्गदर्शकही दहा सॉफ्टवेअर येणारा शोधू नका, धुरात शिरलेला शोधा, असे माझे ठाम मत आहे.

बाकीचे हळूहळू जमते. एफडीएस जागेचे लहान घनांच्या जाळीत तुकडे करून मोजते; हा घन निम्म्या मापाचा केला की गणनेचा वेळ साधारण सोळापट होतो, त्यामुळे संगणक रात्रभर चालला तरी आपले काही चुकले असे समजून धीर सोडू नका. एक मेगावॉटच्या आगीसाठी २० सेंटिमीटरच्या घनाने सुरुवात करून १० सेंटिमीटरने पडताळावे.

ते काम मी दरवाजा एकदा बंद आणि एकदा उघडा धरून पुन्हा केले. उघड्या दरवाज्याने जिना धुराने भरला, तेव्हा दलाने आत शिरण्याची वाट मागच्या बाजूने आखली.