इन्फ्रारेड फिल्मच्या प्रिंटला हाताने रंग कसा द्यायचा

झाडाची पानं इन्फ्रारेड, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, भरपूर परत फेकतात, म्हणून इन्फ्रारेड फिल्मवर ती पांढरीशुभ्र येतात आणि निळं आकाश जवळपास काळं. हाताने रंगवायला यापेक्षा चांगला प्रिंट नाही, कारण पारदर्शक ऑइल कलर फक्त कागदाच्या पांढऱ्या आणि फिकट राखाडी भागावरच दिसतो. साध्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये झाड गडद येतं, त्यावर हिरवा कितीही घासा, काही दिसत नाही.

शूटिंगचं पटकन सांगतो. रोलाय इन्फ्रारेड ४०० ही फिल्म घ्या, ती साधारण ८२० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश बघते, लेन्सवर ७२० चा फिल्टर, म्हणजे साधारण ७२० नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश आत सोडणारा. इलफोर्ड एसएफएक्स ही दुसरी फिल्म ७४० नॅनोमीटरच्या आसपास थांबते त्यामुळे या फिल्टरबरोबर तिच्या वाट्याला फार थोडं येतं. ट्रायपॉड, कडक ऊन (पाऊस संपल्यावरचा ऑक्टोबर सह्याद्रीत यासाठी मस्त, गवतही हिरवं असतं), फिल्टर न लावता आयएसओ ६ धरून मीटर करा आणि त्याहून एकेक स्टॉप जास्त (म्हणजे दर वेळी दुप्पट प्रकाश) देत आणखी दोन फ्रेम घ्या. फोकस आधी करा, लेन्सवर इन्फ्रारेडसाठी लाल खूण असते तिच्यावर सरकवा, मग फिल्टर लावा. खूण नसेल तर छिद्र लहान ठेवा, एफ ११. रोल सावलीत भरा, उन्हात नको.

प्रिंट मॅट फायबर पेपरवरच, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेल्या, चकाकी नसलेल्या फोटो कागदावर. प्लास्टिक कोटिंगच्या कागदावर पण चालतं असं सांगणारे भेटतील, ऐकू नका, रंग नुसता वर तरंगतो. प्रिंट नेहमीपेक्षा थोडा फिका काढा, अर्धवट ब्लीच करून (रसायनाने फिका करून) सेपिया, म्हणजे तपकिरी, टोन द्या, धुवा, पूर्ण वाळवा.

आता रंग, आणि बहुतेकांचे प्रिंट इथेच वाया जातात. ट्यूब घेताना मागचा छोटा चौकोन बघा: बऱ्याच कंपन्या पारदर्शक रंगावर रिकामा चौकोन छापतात, अपारदर्शकावर भरलेला. व्हिरिडियन (हिरवा), अलिझरिन क्रिमझन (लाल) चालतात, कॅडमियम पिवळा आणि टायटॅनियम पांढरा अजिबात नको, ते खालचा फोटोच झाकून टाकतात.

आधी टर्पेंटाइनमध्ये थोडंसं जवसाचं तेल मिसळून कापसाने सगळ्या प्रिंटवर फिरवा आणि लगेच कोरड्या कापसाने पुसून घ्या. हे केलं नाही तर पहिला ठिपका जिथे टेकला तिथेच डाग धरतो आणि नंतर तो निघत नाही. मग रंग घ्यायचा तो मोहरीएवढा, खरंच तेवढाच, बोळ्याने गोल गोल पसरवायचा. आता दिसेल ते भडक आणि पट्टेदार असेल, घाबरू नका आणि अजून रंग तर मुळीच घेऊ नका! स्वच्छ बोळा घ्या आणि घासत रहा, रंगाने भरला की बदला, परत घासा. लावलेल्यातला बहुतेक रंग कापसावर परत यायला हवा. मला विचाराल तर रंगवणं म्हणजे हे पुसणंच, लावायला मिनिट लागतं आणि पुसायला अर्धा तास, आणि ज्याला तेवढा धीर नाही त्याने ब्रश घेऊन कॅनव्हासवर काम करावं.

मोठे भाग आधी, बारीक शेवटी टूथपिकला कापूस गुंडाळून. रंग बाहेर गेला तर ताज्या बोळ्याला नावापुरतं टर्पेंटाइन लावून टिपा. काळ्या आकाशाला निळा देऊ नका, तिथे नुसता तेलकट ओरखडा उरतो. सगळी झाडं एकाच हिरव्याने भरू नका, काही तशीच पांढरी सोडा, इन्फ्रारेडची मजा त्यातच आहे.

वाळायला बरेच दिवस लागतात, दमट हवेत अजून जास्त, धुळीपासून लांब आडवं ठेवा. काम करताना खिडकी उघडी असू द्या आणि तेलाचे बोळे गोळा करून डब्यात कोंबू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवूनच टाका.