धडधड मोजत बसू नका: ईसीजीच्या टेबलाशेजारून

टेबलावर झोपा, घड्याळ काढा, हात सैल सोडा. दिवसात पंचवीस-तीस वेळा मी हे म्हणते. हात मात्र कुणीच सैल सोडत नाही.

सोलापुरात ईसीजी काढायला लागून मला चौदा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, गोळ्या सांगत नाही. पण छातीवर सहा आणि हातापायांना चार वायरी लावल्या की माणूस आपणहून बोलायला लागतो. रात्री अचानक छाती धडधडायला लागली, घाम फुटला, आता जातोय असं वाटलं. मग त्याने काय काय केलं ते सांगतो आणि ऐकता ऐकता मला कपाळावर हात मारावासा वाटतो. बहुतेकांच्या कागदावर निघतं काय, तर सायनस टॅकिकार्डिया. म्हणजे ठोका जिथून निघायचा तिथूनच निघतोय, वाटही बरोबर, फक्त वेग जास्त. जिना चढल्यावर होतो तसा. फरक एवढाच की इथे जिना नाही. मेंदूला धोका वाटला, ॲड्रेनॅलिन रक्तात आलं, हृदय पळायला लागलं. यंत्र बिघडलेलं नसतं, खोट्या वर्दीवर निघालेलं असतं. भीतीच्या या झटक्यालाच पॅनिक म्हणतात.

आता अशा धडधडीत लोक करतात त्या चुका.

न तपासताच ‘टेन्शन आहे’ म्हणणं

याच्यावरून मी घरातसुद्धा भांडते. पहिल्यांदा धडधड झाली की ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर एवढं झालंच पाहिजे. रक्त कमी असलं, थायरॉइड वाढलेला असला, अंगात ताप असला तरी हृदय पळतं. त्याला समजूत घालून उपयोग नाही.

विड्या वळणारी एक अक्का दोन वर्षं ‘मनाचं आहे’ ऐकत होती. घरचे म्हणायचे, हिला कामाचा कंटाळा. एकदा धडधड चालू असतानाच ती आमच्याकडे पोचली. कागदावर दोन ठोक्यांमध्ये जेमतेम दीड मोठा चौकोन. तीनशेला त्या चौकोनांनी भागायचं, म्हणजे दोनशेच्या घरात. बसल्या जागी, आणि एकदम नियमित. तिला विचारलं, कशी सुरू होते? ती म्हणाली, “बटन दाबल्यागत. बंद पण तशीच होते.” तो पॅनिक नव्हता. हृदयातल्या विजेच्या वाटेत गडबड होती, त्याला एसव्हीटी म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. भीतीची धडधड सहसा चढत जाते आणि हळूहळू उतरते. बटन दाबल्यासारखी सुरू आणि बंद होत असेल, तर डॉक्टरांना ते याच शब्दांत सांगा.

छातीत दाबल्यासारखं दुखतंय, कळ हातात किंवा जबड्यात जातेय, भोवळ येऊन पडलात, ठोके वेडेवाकडे पडताहेत, किंवा चालताना-काम करतानाच त्रास सुरू होतोय, तर पुढचं वाचू नका. 108 लावा. मधुमेह असलेल्यांनी तर अजिबात थांबू नये, त्यांना दुखणं कधीकधी जाणवतच नाही.

तपासून झाल्यावरही तपासत राहणं

ही माझी आवडती चूक, कारण ती मी स्वतः केलीय.

2023 च्या गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, आम्ही सगळे शोभेचं दारूकाम बघायला होम मैदानावर गेलो होतो. गर्दी रेटत होती, वर फटाका फुटला आणि माझ्या छातीत जे सुरू झालं ते थांबेचना. ओठ बधिर, पाय लटपटायला लागले. नवऱ्याला म्हटलं, “अहो, मला काहीतरी होतंय.” कसंबसं घर गाठलं. दुसऱ्या दिवशी ईसीजी, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, रक्त, सगळं केलं. सगळं चांगलं निघालं. शहाण्या माणसाने तिथे थांबावं की नाही? मी कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून काढला आणि उशाखाली ठेवला.

मग रात्री दोनला जाग आली की बोट आत. ठोके 96. हं, जरा जास्तच वाटतंय. 104. बघ, वाढतंय. 118. लाल आकडा अंधारात लुकलुकतोय आणि मी त्याच्याकडे बघतेय, तो माझ्या भीतीकडे बघून वाढतोय. चार महिने हा खेळ चालला. एकदा तर रात्री रिक्षा करून मी माझ्याच दवाखान्यात गेले. ड्यूटीवरच्या पोराने मलाच टेबलावर झोपवलं आणि म्हणाला, “ताई, हात सैल सोडा.” काय लाज वाटली सांगू!

शेवटी मी त्या ऑक्सिमीटरचे सेल काढले आणि पोराच्या रिमोटच्या गाडीत घातले. आठवडाभर तळमळले. बोट सारखं मनगटाकडे जायचं, नाडी चाचपायला. तेव्हा हातात काहीतरी धरायची सवय लावून घेतली: लसूण सोलणं, शेंगा फोडणं, टॉवेलच्या घड्या. शास्त्र विचारू नका, मला हेच जमलं. पण एक गोष्ट कळली. आकडा बघितला नाही तर लाट आपली आपण चढते, साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि उतरते. नंतर तासभर अंगात थरथर राहते, ती उरलेली राख. तिला घाबरून पुन्हा फुंकर घातली की दुसरी लाट तयार.

आमच्याकडे एकजण महिन्यात चारदा ईसीजी काढून गेला, शिवाय मधल्या काळात आणखी दोन ठिकाणी. फाइलमध्ये सगळे कागद तारखेनुसार लावलेले. मी विचारलं, “दादा, पाचवा कशाला?” तर म्हणे, कालचा चांगला होता, आजचं काय सांगावं. अशा माणसाला सहावा ईसीजी नको, मनाच्या डॉक्टरची चिठ्ठी हवी. हे ऐकून लोक माझ्यावर चिडतात. चिडू देत.

‘दीर्घ श्वास घ्या’ हे अर्धवट ऐकणं

मोबाइलवर तीस सेकंदांचा व्हिडिओ बघायचा आणि लोहाराचा भाता चालवल्यासारखा श्वास ओढायला लागायचं. अभ्यासिकेतला एक पोरगा असाच आणला होता मित्रांनी. परीक्षा तोंडावर, रात्रभर जागरण, वर एनर्जी ड्रिंकचे दोन डबे. बोटं आखडून पक्ष्याच्या पंजासारखी झालेली, तोंडाभोवती मुंग्या, आणि चौघे मित्र चारी बाजूंनी ओरडताहेत, “मोठा श्वास घे बे! अजून मोठा!” त्याला श्वास कमी पडत नव्हता, जास्त होत होता. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यानेच मुंग्या येतात, चक्कर येते, बोटं वळतात. आणि माणसाला वाटतं, लकवा आला. एकाने तर प्लास्टिकची पिशवी तोंडाला धरायला आणली होती. ते कधीच करू नका. त्रास खरंच दम्याचा किंवा हृदयाचा असला तर पिशवीने जीव जाईल.

लक्ष श्वास सोडण्यावर हवं. बशीतला चहा फुंकतो ना, पृष्ठभागावर नुसती लहर उठेल इतकाच, तसा सोडायचा. नाकाने चार मोजत आत, ओठांचा चंबू करून सहा-सात मोजत बाहेर. छाती फुगवायची नाही, पोट हललं तरी पुरे. पाच मिनिटं. इथे उतावळे लोक दोन फुंकरा मारतात आणि विचारतात, “अजून कमी नाही झालं?” अहो, लाल सिग्नल तरी यापेक्षा जास्त वेळ असतो. आणि हे बरं असताना रोज करायचं. विहिरीत पडल्यावर पोहणं शिकता येत नाही. त्या पोराला मी माझ्या बोटाकडे बघून फुंकायला लावलं, मित्रांना बाहेर काढलं. पंधरा-वीस मिनिटांत मूठ उघडली.

शॉर्टकट

वहिनीला लागू पडलेली गोळी मागून खाणं. धडधड कमी करणारी जी गोळी सर्रास सुचवली जाते, ती प्रोप्रॅनोलॉल. दमेकऱ्याने घेतली तर श्वासनळ्या आवळतात. झोपेच्या नावाखाली घेतली जाणारी अल्प्राझोलॅम सवय लावते आणि एकदम सोडली तर दुप्पट त्रास देते.

डॉक्टरांनी नैराश्य-चिंतेवरची गोळी सुरू केली आणि चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून बंद. तिला परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात.

रिकाम्या पोटी चहावर चहा, त्यात तंबाखू किंवा मिश्री. निकोटिन हृदय पळवतं, आणि तुम्ही ‘जीव शांत करायला’ मळताय.

एप्रिल-मेमध्ये पाणी न पिता उन्हात फिरणं. आपल्याकडे पारा 42 च्या पुढे जातो. घामाने अंगातलं पाणी गेलं की ठोके वाढणारच, त्याला पॅनिक म्हणू नका, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्या.

मानेची शीर चोळून ठोका उतरवणं. डॉक्टरने करायची गोष्ट आहे ती. तुम्ही नाही.

जागा टाळत जाणं

हे हळूहळू होतं म्हणून लक्षात येत नाही. आधी गड्डा सुटला. मग नवी पेठेतली संध्याकाळची खरेदी नको, मग हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणं नको, ‘मध्येच झालं तर उतरणार कुठे?’ मी तर रिक्षातही कडेलाच बसायचे. टाळलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती वीतभर वाढलेली असते. मी उलटं सुरू केलं ते भाजीमंडईपासून. पाच मिनिटं थांबायचं, धडधडलं तरी कोथिंबिरीची जुडी घेऊनच निघायचं. दोन जुड्या नासल्या घरात, पण जमलं. समुपदेशक हेच पद्धतशीर करून घेतात, त्यांच्याकडे जायला लाजू नका. जायची सोय नसेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो.

पुढच्या गड्ड्याला मी गेले. धडधडलं. पाळण्यात मात्र बसले नाही. तो मला लहानपणीही आवडायचा नाही.

आणि एक, अगदी माझ्या स्वार्थाचं. ईसीजीला येताना छातीला बाम आणि खोबरेल चोपडून येऊ नका. रोज येतात लोक. वायरी निसटतात, रेघ नाचते, ती नाचणारी रेघ बघून तुमचे ठोके अजून वाढतात, आणि मला सगळं पुसून पहिल्यापासून काढावं लागतं.